वेगवेगळ्या क्लाऊडमधल्या आणि स्वतःच्या डेटासेंटरमधल्या सर्व्हिसेस सुरक्षितपणे कशा जोडायच्या

एकच ॲप्लिकेशन, पण त्याचे तुकडे तीन ठिकाणी. ऑर्डर सर्व्हिस एडब्ल्यूएसवर, स्टॉक सर्व्हिस आणि तिचा पोस्टग्रेस डेटाबेस कंपनीच्या स्वतःच्या डेटासेंटरमध्ये, आणि रिपोर्टिंग गूगल क्लाऊडच्या बिगक्वेरीत (रिपोर्टसाठीचा मोठा डेटा ठेवायची आणि चाळायची सर्व्हिस). असं कुणी पहिल्या दिवशी ठरवून करत नाही, एखादी टीम आधीपासून एका क्लाऊडवर असते, जुनी सिस्टिम हलवता येत नाही, डेटावाल्यांना दुसराच क्लाऊड सोयीचा वाटतो, आणि मग तुमच्याकडे काम येतं की हे सगळं जोडून द्या आणि सुरक्षित जोडून द्या. हे काम ज्यांनी आधी कधी केलं नाहीये त्यांच्यासाठी हा लेख. लिनक्सची कमांड लाईन आणि एखाद्या क्लाऊडची बेसिक ओळख आहे एवढं मी धरून चालतोय, नेटवर्किंगमध्ये तरबेज असायची गरज नाही.

बहुतेक जण थेट व्हीपीएनपासून सुरू करतात, म्हणजे दोन नेटवर्कांमध्ये इंटरनेटवरून जाणारी एन्क्रिप्टेड वाट, तिलाच टनेल म्हणतात. टनेल वर आला, पिंग गेला, काम झालं. माझं मत विचाराल तर इथे काम जेमतेम सुरू झालेलं असतं. टनेल दोन नेटवर्कं जोडतो, आणि आपल्याला दोन सर्व्हिसेस जोडायच्या असतात. नुसत्या टनेलच्या भरवशावर राहणं म्हणजे मुख्य दाराला कुलूप लावून आतल्या सगळ्या खोल्या सताड उघड्या ठेवणं, एक मशीन कुणाच्या हाती लागलं की पलीकडचं सगळं त्याच्यासाठी मोकळं. त्यामुळे खालच्या प्रत्येक पायरीत एकच प्रश्न डोक्यात ठेवा: नेमकी कोणती सर्व्हिस नेमक्या कोणत्या सर्व्हिसशी बोलणार, आणि पलीकडच्याला हे कशावरून कळणार की बोलणारी तीच आहे.

पायरी १: आधी कागद

कन्सोल उघडू नका अजून. एका शीटमध्ये प्रत्येक जोडी लिहा: कॉल कोण करतं, कोणाला करतं, कुठल्या पोर्टवर, कुठला डेटा जातो, दिवसाला साधारण किती जातो आणि उत्तर किती वेळात यायला हवं. दिशा नक्की लिहा. ऑर्डर सर्व्हिस स्टॉक सर्व्हिसला विचारते म्हणजे कनेक्शन एडब्ल्यूएसकडून डेटासेंटरकडे उघडतं, उलट दिशेने काहीच उघडायची गरज नाही, आणि हे लिहिलेलं नसेल तर फायरवॉलवाला माणूस हमखास दोन्हीकडून उघडून देतो.

वेळेचा रकाना नवखे लोक सोडून देतात, तो सोडू नका. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २,००,००० किलोमीटर जातो, म्हणजे १,००० किलोमीटर जाऊन यायला कमीत कमी १० मिलिसेकंद, आणि हे कुठल्याही पैशाने कमी होत नाही. आता ऑर्डरचं एक पान दाखवायला कोड जर डेटाबेसला ४० क्वेरी एकामागून एक मारत असेल तर ४०० मिलिसेकंद नुसते प्रवासात गेले. एकाच रॅकमध्ये असताना हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. म्हणूनच डेटाबेस थेट टनेलमधून दुसऱ्या क्लाऊडला उघडून देण्यापेक्षा त्याच्याशेजारी एक छोटी सर्व्हिस ठेवा, ती ४० क्वेरी तिथल्या तिथे मारेल आणि एकच उत्तर पाठवेल. सुरक्षेच्या दृष्टीनेही हेच बरं, कारण डेटाबेसचा पोर्ट मग बाहेर कुणालाच दिसत नाही.

पायरी २: आयपीची वाटणी

खाजगी आयपीच्या रेंजेस तीनच आहेत, १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये ठरलेल्या: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ (तिरक्या रेषेपुढचा आकडा जितका लहान, तितकी रेंज मोठी). जग याच वापरतं, म्हणून दोन ठिकाणी एकच रेंज आलेली असणं ही अगदी नेहमीची गोष्ट, आणि एकदा रेंजेस एकमेकांवर आल्या की राउटरला पॅकेट कुठे पाठवायचं तेच कळत नाही.

डिफॉल्ट सेटिंग इथे फार घात करतात. एडब्ल्यूएसचा डिफॉल्ट व्हीपीसी (क्लाऊडमधलं तुमचं खाजगी नेटवर्क) प्रत्येक रीजनमध्ये, प्रत्येक अकाउंटमध्ये १७२.३१.०.०/१६ च असतो. गूगल क्लाऊडचं ऑटो मोड नेटवर्क १०.१२८.०.०/९ मधून सबनेट काढतं, म्हणजे १० च्या रेंजची अर्धी जागा त्याच्याच नावावर. डॉकर १७२.१७.०.०/१६ धरून बसतो, आणि तुमच्या डेटासेंटरमध्ये खरोखर १७२.१७ वर काही मशीन असतील तर कंटेनर चालणाऱ्या होस्टवरून ती मशीन दिसतच नाहीत, पॅकेट होस्टमधल्या डॉकरच्या ब्रिजवरच जाऊन पडतं. टनेल ठीक, फायरवॉल ठीक, तरी जात नाही, आणि माणूस तासन्‌तास भलतीकडेच शोधत बसतो.

म्हणून डिफॉल्ट नेटवर्क वापरू नका, स्वतः बनवा. आपल्या उदाहरणात डेटासेंटरला १०.१०.०.०/१६, एडब्ल्यूएसला १०.२०.०.०/१६, गूगलला १०.३०.०.०/१६, आणि मधे जागा मोकळी, पुढे कुणीतरी अजून येणारच. कुबरनेटीस असेल तर पॉडच्या आणि सर्व्हिसच्या रेंजेससुद्धा याच शीटमध्ये लिहा.

आणि रेंजेस आधीच एकमेकांवर असतील आणि बदलणं शक्य नसेल तर? लगेच दोन्हीकडून नॅट (वाटेत पॅकेटवरचे पत्ते बदलून देणं) लावायला धावू नका, त्या नॅटचे नियम सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाहीत. क्लाऊडच्या आत असाल तर प्रायव्हेट लिंक किंवा प्रायव्हेट सर्व्हिस कनेक्टसारखी सोय बघा, त्यात समोरची एक सर्व्हिस तुमच्या नेटवर्कमध्ये तुमच्याच एका आयपीवर दिसते, बाकी दोन्ही नेटवर्कं एकमेकांना दिसतच नाहीत, त्यामुळे रेंज तीच असली तरी बिघडत नाही. मला तर रेंजेस वेगळ्या असतानाही हीच पद्धत जास्त आवडते. डेटासेंटरच्या बाजूला एनव्हॉय किंवा एचएप्रॉक्सी असा एखादा प्रॉक्सी चालवणारं एक मशीन ठेवून तेच साधता येतं, त्याचा एक पाय आत, दुसरा न आपटणाऱ्या रेंजमध्ये.

पायरी ३: रस्ता

सुरुवातीला आयपीसेकचा व्हीपीएन घ्या. तिन्ही मोठे क्लाऊड (एडब्ल्यूएस, गूगल आणि मायक्रोसॉफ्टचा अझ्युर) तो देतात, डेटासेंटरमधल्या जवळपास कुठल्याही फायरवॉलला तो येतो. स्वतःचा सर्व्हर टाकून जोडायचं असेल तर वायरगार्ड फार सुटसुटीत आहे, मार्च २०२० पासून तो लिनक्स कर्नल ५.६ मध्ये आहे आणि त्याची कॉन्फिग दहाबारा ओळींत संपते. डायरेक्ट कनेक्ट, एक्सप्रेसरूट, क्लाऊड इंटरकनेक्ट या खास लाईन नंतर, जेव्हा मोजून दिसेल की बँडविड्थ किंवा लेटन्सी पुरत नाहीये. आणि खास लाईन म्हणजे आपोआप एन्क्रिप्टेड असा समज असेल तर तो काढून टाका, ती फक्त वेगळी असते, एन्क्रिप्शन तुम्हाला वरून लावावं लागतं, लाईनच्याच पातळीवरचं मॅकसेक किंवा तिच्यावरून आयपीसेक.

आयपीसेकसाठी फायरवॉलवर यूडीपी ५०० आणि ४५०० लागतात, आणि मधे नॅट नसेल तर ईएसपी म्हणजे प्रोटोकॉल क्रमांक ५०. आयकेई (टनेलच्या दोन्ही टोकांनी किल्ल्या ठरवायची पद्धत) व्हर्जन २ च ठेवा, एन्क्रिप्शन एईएस २५६ जीसीएम, किल्ली ठरवायला डिफी-हेलमनचा ग्रुप १४ किंवा त्यापुढचा. एडब्ल्यूएसवर काही न बदलता टनेल बनवला तर तो जुनं आयकेई व्हर्जन १, शा-१ आणि ग्रुप २ सुद्धा मान्य करतो, ते टनेलच्या ऑप्शनमध्ये जाऊन हाताने काढावं लागतं. क्लाऊडवरून डाऊनलोड केलेली नमुना कॉन्फिग जशीच्या तशी चिकटवू नका, ती बऱ्याचदा किमान सेटिंगची असते.

एडब्ल्यूएस प्रत्येक कनेक्शनला दोन टनेल देतं, गूगलचा एचए व्हीपीएन दोन इंटरफेस देतो. दोन्ही जोडा. एकच जोडून ठेवलेला असला तर क्लाऊडवाल्यांच्या मेंटेनन्सच्या रात्री तुमचं ॲप्लिकेशनही झोपतं. दोन टनेल आले की रूटिंगसाठी बीजीपी (राउटर एकमेकांना आपले रूट आपोआप सांगतात तो प्रोटोकॉल) घ्या, हाताने लिहिलेले स्टॅटिक रूट नको, म्हणजे एक पडला की ट्रॅफिक आपोआप दुसऱ्यावर जातं. एएसएन, म्हणजे बीजीपीतला नेटवर्कचा क्रमांक, खाजगी रेंजमधला घ्या, ६४५१२ ते ६५५३४, आणि प्रत्येक ठिकाणाला वेगळा. एडब्ल्यूएसचा डिफॉल्ट ६४५१२ आणि अझ्युरचा ६५५१५, तेव्हा हे दोन डेटासेंटरला देऊ नका. बीजीपीवर फिल्टर लावायला विसरू नका: एडब्ल्यूएसकडून फक्त १०.२०.०.०/१६ आली तर घ्यायची, बाकी काहीही आलं तर टाकून द्यायचं. फिल्टर नसेल तर पलीकडच्या एका चुकीच्या सेटिंगमुळे तुमचं सगळं इंटरनेटचं ट्रॅफिक टनेलमधून वळू शकतं.

आता एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार, आणि याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण नवख्या माणसाचं घोडं नेमकं इथेच पेंड खातं. साधं इथरनेट पॅकेट १,५०० बाइटचं. आयपीसेक त्याला आपलं वेष्टन घालतो, त्यामुळे आत मावणारं पॅकेट लहान होतं, एडब्ल्यूएसच्या व्हीपीएनवर जास्तीत जास्त १,४४६, वायरगार्डवर सहसा १,४२०. मोठं पॅकेट आलं आणि त्यावर तोडू नका असा शिक्का असेल, जो टीसीपीत जवळपास नेहमी असतो, तर राउटर ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा निरोप देतो की लहान पाठव. मधल्या कुठल्यातरी फायरवॉलने सुरक्षेच्या नावाखाली सगळं आयसीएमपी बंद केलेलं असतं, निरोप पोचतच नाही, आणि पाठवणारा तेच मोठं पॅकेट परत परत पाठवत राहतो.

दिसायला हे असं दिसतं: पिंग चालतो, पोर्ट उघडा दिसतो, टीसीपी जुळतं, आणि टीएलएसचा हँडशेक मधेच थिजतो, कारण पहिली छोटी पॅकेटं गेली पण सर्व्हरची सर्टिफिकेटची साखळी मोठी असते, ती अडकली. किंवा छोट्या क्वेरीला उत्तर येतं आणि मोठ्या निकालाला येत नाही. अशी लक्षणं दिसली की ॲप्लिकेशनचे लॉग चाळत बसू नका. लिनक्सवर पिंगला तोडू-नकोचा पर्याय आणि साईझ द्या, आधी १,४७२, मग कमी कमी करत जा. जो सगळ्यात मोठा आकडा पार होतो त्यात हेडरचे २८ मिळवा, तो तुमचा खरा एमटीयू. मग टनेलच्या टोकावर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाचा कमाल आकार) क्लॅम्प करा, म्हणजे मर्यादेत बांधा, अझ्युर १,३५० सुचवतं आणि तो आकडा बहुतेक सगळीकडे चालून जातो. आणि आयसीएमपीचा तो एक प्रकार, टाइप ३ कोड ४, फायरवॉलमध्ये मोकळा ठेवा.

पायरी ४: डीएनएस

कोडमध्ये आयपी लिहू नका, कधीच नाही. नावं वापरा, आणि प्रत्येक ठिकाणाला स्वतःचं सबडोमेन द्या, म्हणजे डेटासेंटरचं एक, एडब्ल्यूएसचं एक, गूगलचं एक, सगळी तुमच्या विकत घेतलेल्या डोमेनखाली. लोकल हे शेवटचं नाव वापरू नका, ते मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे.

प्रत्येक ठिकाणचा डीएनएस आपल्या नावांना उत्तर देतो आणि बाकीची नावं ज्याची त्याच्याकडे फॉरवर्ड करतो, याला कंडिशनल फॉरवर्डिंग म्हणतात. अडचण एवढीच की क्लाऊडचा आतला डीएनएस बाहेरून थेट पोचता येत नाही. एडब्ल्यूएसमध्ये रूट ५३ रिझॉल्व्हरचे इनबाउंड आणि आउटबाउंड एंडपॉइंट बनवावे लागतात, अझ्युरमध्ये १६८.६३.१२९.१६ फक्त नेटवर्कच्या आतूनच उत्तर देतो म्हणून तिथे प्रायव्हेट रिझॉल्व्हर लागतो. गूगलची एक गंमत लक्षात ठेवा: गूगल क्लाऊड तुमच्या डेटासेंटरच्या डीएनएसला प्रश्न विचारतं तेव्हा तो ३५.१९९.१९२.०/१९ या रेंजमधून येतो. पब्लिक वाटणारी रेंज बघून डेटासेंटरची फायरवॉल तो अडवते, किंवा उत्तर टनेलऐवजी इंटरनेटकडे निघून जातं. ती रेंज फायरवॉलमध्ये मोकळी केली आणि तिचा रूट टनेलकडे वळवला की काम होतं.

प्रायव्हेट एंडपॉइंट वापरत असाल तर नाव प्रत्येक ठिकाणाहून शोधून बघा की खाजगी आयपी येतोय का. पब्लिक आयपी आला तर सगळं चालू दिसेल, एररही येणार नाही, आणि ट्रॅफिक मात्र बाहेरच्या रस्त्याने जात असेल.

पायरी ५: ओळख

इथपर्यंत रस्ता झाला. आता स्टॉक सर्व्हिसला कळलं पाहिजे की समोरून बोलणारी ऑर्डर सर्व्हिसच आहे. १०.२०.५.१४ वरून आली म्हणजे तीच, हे चालणार नाही, क्लाऊडमध्ये आयपी आज हिचा उद्या तिचा. याला एमटीएलएस हे उत्तर आहे: साध्या टीएलएसमध्ये फक्त सर्व्हर सर्टिफिकेट दाखवतो, इथे क्लायंटही दाखवतो, आणि दोघं एकमेकांचं तपासतात.

सुरुवातीलाच सर्व्हिस मेश (सर्व्हिसेसमधलं सगळं ट्रॅफिक सांभाळणारा वेगळा थर) टाकायची घाई करू नका. इस्टिओ, लिंकरडी, कॉन्सल ही चांगली साधनं आहेत, पण दोनचार सर्व्हिसेससाठी तीन ठिकाणी मेश चालवणं म्हणजे जोडण्याच्या कामापेक्षा मेश सांभाळायचंच काम मोठं. स्टेप-सीए किंवा व्हॉल्टचं पीकेआय इंजिन घेऊन आतल्या वापरासाठी स्वतःची सीए, म्हणजे सर्टिफिकेटांवर सही करणारी यंत्रणा, उभी करा. रूट की ऑफलाईन, रोजचं सही करायचं काम रूटने सही केलेल्या इंटरमीडिएट सीएने. सर्टिफिकेटची मुदत छोटी ठेवा, स्टेप-सीए डिफॉल्ट २४ तासांचीच देतं, आणि नवं आणणं पूर्ण आपोआप असू दे. मुदत वर्षाची ठेवली की रिन्यू करायची सवय कुणाला लागत नाही आणि वर्षाने एका रात्री सगळं बंद पडतं, २४ तासांची असली की रिन्यूअलमधला बिघाड दुसऱ्याच दिवशी समोर येतो.

सर्टिफिकेटमध्ये नाव काय घालायचं? स्पिफी नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात प्रत्येक वर्कलोडला यूआरआयसारखी ओळख मिळते, ट्रस्ट डोमेन आणि पुढे सर्व्हिसचा पाथ. त्याचं अमलातलं रूप म्हणजे स्पायर. सर्व्हिसेस वाढल्या की स्पायर बघाच, कारण पहिलं सीक्रेट कुठून आणायचं हा कूटप्रश्न तो सोडवतो: एडब्ल्यूएसवरचं मशीन आपलं इन्स्टन्स आयडेंटिटी डॉक्युमेंट दाखवतं, डेटासेंटरमधलं टीपीएम या सुरक्षा चिपच्या जोरावर ओळख पटवतं, आणि मग त्यावर चालणाऱ्या प्रोसेसला छोट्या मुदतीचं सर्टिफिकेट मिळतं, डिफॉल्ट एक तासाचं. कुठेही पासवर्ड ठेवावा लागत नाही.

तपासणीत जिथे भोकं राहतात त्या जागा सांगतो. सगळ्यात पहिली: सर्व्हर फक्त एवढंच बघतो की सर्टिफिकेट आपल्या सीएने सही केलंय. मग रिपोर्टिंगचं सर्टिफिकेट घेऊन कुणीही स्टॉक कमी करायचा कॉल करू शकतं. सही बघितल्यावर नाव बघा, आणि त्या नावाला या कॉलची परवानगी आहे का तेही बघा. दुसरी जागा पोस्टग्रेसची. एसएसएलमोड रिक्वायर लिहिलं की लोक निर्धास्त होतात, पण त्यात सर्व्हरचं नाव तपासलं जात नाही, फक्त एन्क्रिप्शन होतं, मधे बसलेला कुणी स्वतःला डेटाबेस म्हणून खपवू शकतो. व्हेरिफाय-फुल लिहा. तिसरी लोडबॅलन्सरची: लेअर ७ चा, म्हणजे एचटीटीपी समजणारा लोडबॅलन्सर टीएलएस स्वतःपाशीच संपवतो, क्लायंटचं सर्टिफिकेट आत पोचत नाही, आणि ती माहिती हेडरमधून पुढे जाते. तो हेडर बाहेरून आला तर आधी पुसून टाकायचा, नाहीतर कुणीही हाताने लिहून पाठवेल. शक्य असेल तर लेअर ४ चा, नुसतं टीसीपी पुढे ढकलणारा वापरा, टीएलएस थेट सर्व्हिसपर्यंत जाऊ दे. आणि इस्टिओ घेतलाच तर तो सुरुवातीला परमिसिव्ह मोडमध्ये असतो, साधं ट्रॅफिकही घेतो. सगळे क्लायंट एमटीएलएसवर आले की स्ट्रिक्ट करायची तारीख ठरवूनच कामाला लागा.

हो, घड्याळं. २४ तासांच्या सर्टिफिकेटमध्ये पाच मिनिटांचा फरकही नडतो, अजून सुरूच न झालेलं सर्टिफिकेट अशी विचित्र एरर येते. प्रत्येक मशीनवर घड्याळ जुळवणारा क्रोनी चालू आहे ना ते बघा.

पायरी ६: क्लाऊडच्या एपीआयसाठी कायमच्या कीज नकोत

डेटासेंटरमधल्या जॉबला बिगक्वेरीत डेटा टाकायचाय, मग सर्व्हिस अकाउंटची जेसन की डाऊनलोड केली आणि सर्व्हरवर ठेवली. हे करू नका. ती फाईल बॅकअपमध्ये जाते, गिटमध्ये जाते, कुणाच्या लॅपटॉपवर जाते, आणि कुणी रद्द करेपर्यंत चालतच राहते.

त्याऐवजी फेडरेशन. तुमच्या वर्कलोडकडे आधीच एक ओळख असते, उदाहरणार्थ कुबरनेटीसने दिलेलं ओआयडीसी टोकन, म्हणजे सही केलेलं ओळखपत्र. ते टोकन गूगलला दाखवायचं, गूगल सही तपासतं आणि बदल्यात थोड्या वेळाचं टोकन देतं. यालाच वर्कलोड आयडेंटिटी फेडरेशन म्हणतात. टोकन देणारा क्लस्टर इंटरनेटवरून दिसत नसला तरी चालतं, त्याच्या पब्लिक कीज गूगलकडे अपलोड करून ठेवता येतात. एडब्ल्यूएसमध्ये आयएएम रोल्स एनीव्हेअर आहे, २०२२ पासून, तिथे पायरी ५ मधल्या तुमच्याच सीएचं सर्टिफिकेट चालतं. अझ्युरमध्येही फेडरेशन आहे.

नियम लिहिताना मात्र हात आखडता ठेवा. फक्त टोकन कुणी दिलं एवढं बघून परवानगी दिली तर त्या क्लस्टरमधला प्रत्येक पॉड तुमच्या बिगक्वेरीत लिहू शकतो. टोकनमधला सब्जेक्ट (ते कुणाचं आहे) पूर्ण जुळला पाहिजे, नेमस्पेस आणि सर्व्हिस अकाउंटच्या नावासकट, आणि ऑडियन्सही (ते कुणासाठी आहे). स्टार वगैरे नको.

पायरी ७: फायरवॉल

आता पायरी १ ची शीट काढा आणि तेवढंच उघडा. ऑर्डर सर्व्हिसच्या सबनेटमधून स्टॉक सर्व्हिसच्या ८४४३ वर, बस. दोन्ही टोकांना लिहा, एका टोकाच्या भरवशावर राहू नका.

डिफॉल्ट इथेही बघावे लागतात. एडब्ल्यूएसचा नवा सिक्युरिटी ग्रुप बाहेर जाणारं सगळं मोकळं ठेवतो, गूगलमध्येही बाहेर जाणारं मोकळंच असतं. अझ्युरमध्ये व्हर्च्युअल नेटवर्क नावाचा टॅग आहे, त्याच्या आतलं ट्रॅफिक डिफॉल्ट नियमाने आत येऊ दिलं जातं, आणि व्हीपीएनने जोडलेलं तुमचं डेटासेंटरसुद्धा त्या टॅगमध्ये मोजलं जातं. म्हणजे अझ्युरला टनेल जोडल्या क्षणी डेटासेंटरमधलं कुठलंही मशीन तिथल्या कुठल्याही मशीनवर पोचू शकतं, तुम्ही एकही नियम न लिहिता. त्याच्या वर एक नकाराचा नियम घाला.

पायरी ८: वेळमर्यादा

सुरक्षेचा भाग नाही, पण हे केलं नाही तर लोक वैतागून सुरक्षाच काढून टाकायला लागतात. बराच वेळ गप्प बसलेलं कनेक्शन मधली उपकरणं विसरून जातात आणि दोन्ही टोकांना सांगतही नाहीत. अझ्युरचा लोडबॅलन्सर डिफॉल्ट ४ मिनिटांनी विसरतो, एडब्ल्यूएसचा नेटवर्क लोडबॅलन्सर ३५० सेकंदांनी, गूगलचं फायरवॉल ट्रॅकिंग १० मिनिटांनी. आणि लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह (गप्प कनेक्शन जिवंत आहे का ते विचारणारं छोटं पॅकेट) डिफॉल्ट ७,२०० सेकंदांनी जागा होतो, म्हणजे तब्बल दोन तासांनी. परिणाम असा की रात्रभर शांत असलेल्या कनेक्शन पूलमधून सकाळी पहिली रिक्वेस्ट जाते आणि लटकून राहते, पुन्हा केली की चालते, आणि सगळे म्हणतात व्हीपीएन खराब आहे.

कीपअलाइव्ह मिनिटाभरावर आणा, आणि तो सॉकेटवर चालू आहे का तेही बघा, कारण नुसतं कर्नलचं सेटिंग बदलून ज्या प्रोग्रॅमने तो मागितलेलाच नाही त्याला काही फरक पडत नाही. हिकारीसीपीसारख्या पूलमध्ये कीपअलाइव्हचं वेगळं सेटिंग असतं. कनेक्ट व्हायचा टाइमआउट दोनतीन सेकंदच, आणि रिट्राय मोजके, मधलं अंतर वाढत जाणारे. स्टॉक कमी करण्यासारख्या कॉलला प्रत्येक रिक्वेस्टचा वेगळा आयडी पाठवा, म्हणजे रिट्राय झाला तरी स्टॉक दोनदा कमी होणार नाही.

पायरी ९: चालतंय का, आणि जे चालू नये ते बंद आहे का

तपासायचा क्रम खालून वर. आधी डिग मारून नावाचा आयपी बरोबर येतोय का. मग नेटकॅटने पोर्ट उघडा आहे का: लगेच नकार आला तर पॅकेट पोचतंय, फक्त तिथे कुणी ऐकत नाहीये किंवा फायरवॉल स्पष्ट नकार देतेय, नुसतं ताटकळत राहिलं तर रूट किंवा गुपचूप टाकून देणारी फायरवॉल. मग ओपनएसएसएलच्या एस-क्लायंटने टीएलएस, तिथे साखळी, नावं, मुदत सगळं दिसतं. त्यानंतरच कर्ल. अडलंच तर दोन्ही टोकांना टीसीपीडंप लावा, पॅकेट निघालं पण पोचलं नाही की पोचलं पण उत्तर परतलं नाही, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं. उत्तर दुसऱ्या टनेलने परत जात असेल तर डेटासेंटरची फायरवॉल ते अनोळखी म्हणून टाकते, दोन टनेल असताना हे बघाच.

मग उलटी तपासणी, ही फारच थोडे लोक करतात. सर्टिफिकेट न देता कॉल करा, नाकारला पाहिजे. रिपोर्टिंगचं सर्टिफिकेट देऊन करा, नाकारला पाहिजे. ऑर्डरच्या सबनेटमधून डेटाबेसच्या ५४३२ वर जाऊन बघा, जाता कामा नये. या तिन्ही गोष्टी स्क्रिप्टमध्ये टाकून रोज चालवा, कारण कुणीतरी घाईत उघडलेला नियम असाच सापडतो. एक टनेल मुद्दाम पाडून बघा. इंटरमीडिएट सीए बदलायचा सरावही करा: आधी नवी सगळीकडे विश्वासाच्या यादीत, जुनी तशीच, मग नव्याने सही सुरू, आणि जुनी सर्टिफिकेटं संपल्यावरच जुनी बाहेर.

ही एक जोडी नीट चालली की दुसरी घ्या, म्हणजे डेटासेंटरमधून बिगक्वेरीत जाणारा डेटा. आणि शीटवर ती ओळ नीट वाचलीत तर लक्षात येईल की तिला टनेलची गरजच नाही. कॉल आतून बाहेर जातो, बिगक्वेरीचा एपीआय टीएलएसवरच आहे, ओळख पायरी ६ मधल्या फेडरेशनने पटते. फायरवॉलमध्ये गूगलच्या एपीआयकडे ४४३ वर बाहेर जायची वाट फक्त त्या जॉबच्या मशीनला द्या, तीही नाव बघून सोडणाऱ्या प्रॉक्सीतून. प्रॉक्सीला टीएलएस उघडू देऊ नका, नाव बघून नुसतं पुढे जाऊ दे. डेटा पार्के या फॉरमॅटच्या फाईलमध्ये दाबून पाठवा, आधी क्लाऊड स्टोरेजच्या बकेटमध्ये आणि तिथून लोड जॉबने टेबलमध्ये, म्हणजे मधेच तुटलं तर तेवढी एकच फाईल पुन्हा पाठवावी लागते. त्या सर्व्हिस अकाउंटला त्या एका बकेटमध्ये नवी फाईल टाकायची, तिथली फाईल वाचायची (लोड जॉबला ती वाचावी लागते) आणि त्या एका डेटासेटमध्ये लिहायची परवानगी द्या, आणि लोड जॉब चालवायची, बाकी काही नको.